सुतीमधला ऱ्हस्व उकार

मंगळवार, ३ मार्च. दुपारी एक वाजून वीस मिनिटे.

ताई,

जेवणाची सुट्टी आहे. पॅकिंग खात्याच्या मागच्या जिन्यावर बसलो आहे. डबा उघडला आहे, खाल्लेला नाही. एका शर्टाची कॉलर उलटी करून तिच्यातले लेबल वाचत होतो, तेवढ्यात तुला लिहायचे ठरवले.

आठ महिन्यांनी लिहितो आहे, तर आधी खुशाली विचारायला हवी हे मला कळते. बरी आहेस ना? वसतिगृहाचा पत्ता मावशीने दिला आणि आईला सांगू नको म्हणाली. मी कशाला सांगेन? तुझे नाव घरात निघाले की आई भांडी घासायला उठते, घासलेली असली तरी.

फोन करता आला असता असे तू म्हणशील. पण फोन आता फाटकावरच जमा करून घेतात आणि घरी आई शेजारी असते. मेसेज तर कुणीही कुणालाही पुढे पाठवतो. पत्र निदान फाडता येते. हे वाचून झाले की फाड.

एकच काम आहे, तेही क्षुल्लक. बाबांनी "जायचं तर जा" म्हटल्यावर तू निघालीस, तेव्हा अंगात निळा शर्ट होता. आपल्याच कारखान्याचा, बाबांच्या मागावरच्या कापडाचा. त्याच्या कॉलरमध्ये "शुद्ध सूती, येथेच विणलेले" असे लेबल असेल. त्यातल्या "स"ला पहिला उकार आहे की दुसरा, एवढे बघून कळव. कार्डावर एक शब्द लिहिलास तरी चालेल. टाचणीशी माझी पैज लागली आहे. (टाचणी म्हणजे आपले सुपरवायझरच. अजून तसेच बारीक आहेत आणि अजून तसेच टोचतात.)

बाकी सगळे ठीक. बाबा रोज चाळीसच्या चाळीस माग पुसतात. चालतात सहा. आई अजून धागे कापायच्या टेबलावरच आहे. मला सगळे "मास्तर" म्हणतात, कारण मी नोटिशीतल्या चुका सुधारतो. काळजी करण्यासारखे काही नाही. उत्तर मात्र लवकर पाठव, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव लिहू नकोस.

तुझा धाकटा


बुधवार, ११ मार्च. संध्याकाळ, टपाल कचेरीतल्या बाकावर.

ताई,

तुझे कार्ड मिळाले. "दुसरा. टाचणी पैज लावत नाही, चहाचेही पैसे देत नाही. काय झालंय?" अक्षर बघूनच मला रडू आले. तुझे "ल" अजून पोटातून फुटतात.

पैज नव्हती. आता सगळे क्रमाने लिहितो. मध्ये काही गाळले तर मलाच पुढे आठवणार नाही.

तू गेलीस त्यानंतर महिन्याभरात नवा नियम लागू झाला, तो तुला माहीत असेलच. परदेशातून शिवून येणाऱ्या कपड्यावर जबरदस्त आयात-शुल्क बसले. जो कारखाना इथेच विणेल आणि इथेच शिवेल, त्याला सरकार प्रत्येक नगामागे थोडे पैसे परत देणार असे ठरले. बातमी आली त्या दिवशी बाबांनी दाढी केली होती. माग सुरू होणार म्हणून त्यांनी चौतीस बंद मागांना तेल घातले.

माग सुरू झाले नाहीत. कारण त्याच नियमात खाली एक ओळ होती. कापून आणलेल्या पण न शिवलेल्या तुकड्यांवर शुल्क नावापुरतेच राहील, अशी. मग कंटेनर येतात ते कागदोपत्री "कापलेले तुकडे" म्हणून, आणि उघडले की आत शिवलेले, इस्त्री केलेले, बटणे लावलेले शर्ट. तू तपासणीच्या टेबलावर उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली होतीस ना, हे शर्ट आपले नाहीत, आणि त्यावरून तुला काढले. नव्हतेच. तेव्हा एखादा गठ्ठा यायचा, आता कंटेनर येतो. आई आणि तिच्या टेबलावरच्या बायका आता धागे कापत नाहीत. कॉलरमधले तिकडचे लेबल उसवतात आणि पुढच्या टेबलावर आपले लेबल बसवले जाते. मग त्याच शर्टावर आपण "येथेच विणलेले" म्हणून सरकारचे पैसेही घेतो.

हे तुला नवीन नाही. माझे पुढे आहे.

आपली लेबले आपल्याच छोट्या मागावर विणली जायची. तो माग जानेवारीत बिघडला. कंटेनर दारात उभा, लेबले संपलेली. टाचणी म्हणाले, "मास्तर, तुझं अक्षर बरंय. लेबलचा मजकूर एका कागदावर लिही आणि छापखान्यात देऊन ये."

मी लिहिला. ताई, मी मुद्दाम काही केले नाही. हात आपोआप ऱ्हस्व उकाराकडे गेला. नववीत शाळा सुटली तरी व्याकरणाच्या बाईंचे ते वाक्य माझ्या डोक्यात आहे: सूत दीर्घ, सुती ऱ्हस्व, कारण शेवटचे अक्षर जड झाले की आधीचे हलके होते. कारखान्यात पहिल्या दिवशी आलो तेव्हापासून ते "सूती" माझ्या डोळ्यांत खुपत होते. मोठ्या मालकांनी कारखाना काढला तेव्हा विणणाऱ्याने चुकून दुसरा उकार टाकला आणि सरकारदरबारी नमुनाही तसाच नोंदला गेला. माझा पेन कागदावर टेकला आणि मला वाटले, चला, एक काम नीट झाले. अकरा हजार लेबले छापून आली. कुणी वाचली नाहीत. लेबल कोण वाचतो?

दोन तारखेला पॅकिंग करताना एका हातात आपला खरा शर्ट आला आणि दुसऱ्या हातात कंटेनरमधला. शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही लेबले पुन्हा पुन्हा वाचली. विणलेल्या जुन्या लेबलांचा शेवटचा गठ्ठा सहा मागांच्या कापडासाठी राखून ठेवला होता. म्हणजे ज्यांच्या कॉलरमध्ये चूक आहे ते शर्ट आपले. ज्यांच्या कॉलरमध्ये शुद्धलेखन बरोबर आहे ते सगळे बाहेरचे. मी एकेका खोट्या शर्टावर खूण करून ठेवली आहे आणि छापखान्यात माझ्या अक्षरातला कागद आहे.

कुणाला सांगितलेले नाही. बाहेर मोटारीचा दरवाजा वाजला की हातातले टाकून मी फाटकाकडे बघतो. काल टाचणींनी मागून "मास्तर" अशी हाक मारली आणि माझ्या हातून पन्नास शर्टांची चवड पडली. ते म्हणाले, लग्न ठरलंय की काय.

मालकांची बाजूही लिहितो, नाहीतर ते अन्यायाचे होईल. ते म्हणतात, सूत इतके महाग झाले आहे की एक शर्ट विणून शिवायला जेवढे लागतात तेवढ्यात तिकडून तीन येतात. मी नाही आणले तर पलीकडचा आणेल, आणि मी दोनशे माणसांना घरी पाठवीन. हे खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. आईचा पगार त्या तीन शर्टांतूनच निघतो. माझाही.

बायका कुजबुजतात की कुणीतरी आयात-शुल्क कचेरीत तक्रार केली आहे. तू केलीस का? थांब, लिहू नकोस. मला माहीत नसलेले बरे.

तुझा धाकटा


सोमवार, १६ मार्च. सकाळी, कामावर जाण्याआधी.

ताई,

शुक्रवारी आयात-शुल्क कचेरीच्या तपासनीस बाई येऊन गेल्या.

फाटकावरून निरोप आला तसे बाबांना सांगण्यात आले की चाळीसही माग चालू करा. सहांवर कापड होते. बाकीच्यांवर आडवा धागाच नव्हता. रिकामे धोटे इकडून तिकडे पळत होते आणि आवाज असा की जुने दिवस परत आले असे वाटावे. दोन म्हातारे विणकर तर खरोखरच खूश दिसले. बाई एका मागाजवळ थांबल्या आणि बाबांना काहीतरी विचारले. बाबांनी कानामागे हात धरला. त्यांनी पुन्हा विचारले. बाबांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. बाबा खोटे बोलले नाहीत. फक्त बहिरे झाले.

मग त्या पॅकिंगला आल्या. वयाने तुझ्याएवढ्याच असतील. पायात कापडी बूट, खांद्याला शबनम. त्यांनी मांडणीवरचे दोन शर्ट काढले. एक वरच्या फळीवरचा, एक खालच्या. टेबलावर माझ्यासमोर कॉलरला कॉलर लावून ठेवले. मी सेलोटेपचे टोक शोधत होतो आणि ते मला सापडत नव्हते.

त्यांनी दोन्ही लेबलांवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "हे दोन वेगळे का?"

टाचणी पुढे झाले. म्हणाले, छापखान्याची चूक आहे मॅडम, हे छापखानेवाले म्हणजे काय विचारू नका.

बाई म्हणाल्या, "चूक ह्या नव्या लेबलात नाही. हे बरोबर आहे. चूक तुमच्या जुन्या लेबलात आहे."

आणि हसल्या. टाचणीही हसले, कारण त्यांना वाटले सुटलो. मी हसलो नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही शर्ट वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घातले, वर तारीख टाकली आणि गेल्या. पुढची तारीख कळवू म्हणाल्या.

त्यानंतर विशेष काही झाले नाही. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. एवढेच.

झोप लागत नाही हे खरे आहे, पण त्याला उकाडाही कारण असेल. उशीवर कान टेकवला की आतून बारीक खसखस ऐकू येते आणि मला वाटते कुणी जिना चढते आहे. आईला म्हटले तर म्हणाली, कूस बदल.

तुझा धाकटा


गुरुवार, १९ मार्च. दुपार. आजारी असल्याचे सांगून घरी थांबलो आहे.

ताई,

तुझे पत्र आज सकाळी आले. तक्रार तूच केलीस, सोमवारी तेवीस तारखेला तुला कचेरीत जबाब द्यायला बोलावले आहे आणि मालकांच्या वकिलाने उलट लिहून दिले आहे की कामावरून काढल्याच्या रागातून तू खोटी तक्रार केलीस. तक्रार खोटी ठरली तर दंड, वर खटला. आणि तू आता काम करतेस त्या दुकानाची मालकीण म्हणते की खटल्यातली मुलगी मी कामावर ठेवणार नाही. हे सगळे तू चार ओळींत लिहिलेस आणि खाली विचारलेस, "चहा कसला होता?"

तू मला लहानपणापासून ओळखतेस, म्हणून लपवायला सोपे जात नाही.

केबिनचा दरवाजा टाचणींनी बाहेरून लावला. मालक कधी नव्हे ते उठून उभे राहिले. मला खुर्ची दिली. म्हणाले, किती शिकलास? नववी म्हणालो. ते म्हणाले, माझा मुलगा पदवीधर आहे आणि त्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. मग त्यांनी समजावले, अगदी घरच्यासारखे. बाई स्वतःच म्हणाल्या ना की नवे लेबल बरोबर? मग झाले तर. आपण लेबल सुधारले. जुनी विणलेली लेबले संपेपर्यंत वापरतो आहोत, नवी हळूहळू लावतो आहोत. दोन उकार, दोन लेबले, कारखाना एकच. फक्त ही सुधारणा कंटेनर यायच्या आधीची हवी. कुणीतरी तसा अर्ज केलेला हवा. "आपल्या लेबलावरील शब्द अशुद्ध आहे, कृपया दुरुस्त करावा", असा. गेल्या वर्षीच्या दोन जानेवारीचा.

मी म्हणालो, गेल्या वर्षी जानेवारीत मी इथे नव्हतो. जूनमध्ये लागलो.

"बाबांचा डबा घेऊन यायचास ना?" ते म्हणाले. "कामगाराच्या पोरानं केलेला अर्ज. उलट जास्त चांगलं दिसतं."

मी विचारले, आणि माझी बहीण?

त्यांनी पेला खाली ठेवला. "तिला मी काही करत नाही. ती जे बोलली ते खोटं निघतं, एवढंच." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाहीतर तो छापखान्यातला कागद आहे. तुझ्या अक्षरातला. तो कुणी का लिहिला, हे मला कचेरीला सांगावं लागेल. आणि कारखाना बंद झाला तर दोनशे घरं विचारतील, कुणामुळं."

माझ्या पुढ्यात एक पाकीट सरकवले. आगाऊ, म्हणाले. पुढच्या महिन्यापासून ऑफिसात बसायचं, कारकून म्हणून, खुर्चीवर. ताई, मी ते पाकीट घेतले. हात नको म्हणत होता असे मी लिहिले असते तर ते खोटे झाले असते. हाताला काही वाटले नाही. घाम फक्त पाठीला होता. बाहेर आल्यावर कळले की मी पाकीट दोन्ही हातांनी धरले आहे, देवघरातला प्रसाद धरतात तसे.

अर्ज मी लिहिला आहे. समोर आहे. सही राहिली आहे. सांगायला लाज वाटते, पण इतका चांगला कागद मी आजवर लिहिला नव्हता. एकही खाडाखोड नाही. "महोदय"पासून "आपला नम्र"पर्यंत सगळे जागच्या जागी. वाचताना क्षणभर मलाच खरे वाटले की गेल्या वर्षी जानेवारीत मी हे लिहिले होते, बाबांचा डबा पोचवून घरी आलो आणि लिहिले. थंडीही आठवली. तेव्हा मी घाबरलो.

शनिवारपर्यंत सही करून द्यायची आहे. सही केली तर तुझ्यावर खटला. नाही केली तर कारखाना जाईल आणि तो माझ्यामुळे गेला असे होईल. आई-बाबांचे वय बघ. तिसरे काही असेल तर कळव, पण तुझे उत्तर शनिवारच्या आत येणार नाही हे मला माहीत आहे.

तुला वाटत असेल की मी विचारतो आहे. मी विचारत नाही. मला कुणीतरी सांगायला हवे आहे.

तुझा धाकटा


शनिवार, २१ मार्च. रात्रीचे जेवण झाल्यावर.

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने मला हे सांगायला जमणार नाही. तू वाचेपर्यंत मी बाजूला उभा राहीन.

काल संध्याकाळी आई कामावरून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली. टाचणींनी बायकांच्या टेबलावर जाहीर केले होते की तुमचा मास्तर आता ऑफिसात बसणार, पंख्याखाली. बायकांनी आईचे अभिनंदन केले. एकीने विचारले, पोराने असे काय केले हो? आई पिशवी उचलून निघाली.

तिने ताट वाढले आणि माझ्यासमोर बसली. बाबा दारात बिडी ओढत होते. मी दोन घास खाल्ले आणि सगळे सांगितले. लेबल, उकार, बाई, केबिन, अर्ज. पाकीटही. सगळे संपल्यावर म्हणाली,

"आणि ती?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हणालो, ती खोटी ठरेल, तिच्यावर खटला होईल.

"सही केलीस?"

"अजून नाही."

"मग जेव."

मी जेवलो. तिने भांडी घासली नाहीत. आतल्या खोलीत गेली, तिची उशी घेऊन आली, कात्रीने शिवण उसवली आणि उशी परातीत उलटी केली. मला वाटले कापूस येईल. लेबले पडली. हजारो. पांढरी, काळी, निळसर, साटीनची, त्यांच्यावर तिकडची अक्षरे, तिकडच्या कारखान्यांची नावे, मापे, आणि खाली बारीक अक्षरांत कुठल्या देशात शिवले ते. कारखान्यातून उसवलेली लेबले बॉयलरमध्ये टाकायचा हुकूम आहे. बायका ती पदरात बांधून घरी आणतात. माग बंद झाल्यापासून फुकटचा कापूस मिळत नाही, मग उशा कशाने भरायच्या?

"मऊ असतात," आई म्हणाली. "जाळायची कशाला."

मी विचारले, सगळ्या बायका आणतात? म्हणाली, सगळ्या. मग म्हणाली, तुझीपण त्याचीच आहे.

ताई, ती खसखस. तीन आठवडे मी त्या लेबलांवर कान ठेवून घाबरत होतो.

आईने हे तुझ्यासाठी जपून ठेवले होते की कापसाचे पैसे वाचवायला, ते मी विचारले नाही. तिच्याकडे बघून कळतही नव्हते. तिने लेबले परत उशीत भरली, उशी शिवली, माझीही आणली, आणि दोन्ही एका जुन्या चादरीत ठेवल्या. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघे येतो आहोत. सोमवारी कचेरीत तुझ्या बाजूला आई बसेल. सही नसलेला अर्ज मी बरोबर घेतला आहे आणि छापखान्यातला कागद माझ्याच अक्षरातला आहे हे मी आपणहून सांगणार आहे. वाक्य पाठ केले आहे, पण मध्येच आवाज जाईल याची मला खात्री आहे. गेला तर तू खाकर.

मला धीर आला असे समजू नकोस. आलेला नाही. मंगळवारी कारखान्याच्या फाटकावर कुलूप असले तर दोनशे माणसे आमच्या दारात येतील, आणि त्यांना मी व्याकरण सांगणार का? खरे सांगितल्यावर चौतीस माग चालू होतील असे मला कुणी लिहून दिलेले नाही. सूत तेवढेच महाग राहील. पलीकडचा कारखाना तुकड्यांचे कंटेनर आणतच राहील. आईच्या टेबलावरच्या बायकांना कचेरीत बोलावतील, त्यांनीही लेबले उसवली आहेत, त्यांनाही दंड होईल का ते मला माहीत नाही. मी हे सगळे आईला म्हटले. बाकीच्यांचं काय, म्हटले.

ती चादरीची टोके जुळवत होती. "बाकीच्यांच्याही घरी उशा आहेत," म्हणाली. "त्यांचं त्या बघतील."

याचा अर्थ मी दिवसभर लावतो आहे.

बाबा येत नाहीत. सोमवारी माग पुसायला कुणीतरी हवे, म्हणाले. गाठोडे मात्र आईच्या हातातून घेऊन त्यांनीच बांधले, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी बारीक गाठ मारून. ओढून बघितले. सुटली नाही. मग खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि दारात जाऊन बिडी पेटवली. मी मोजले आणि म्हणालो, बाबा, हे जास्त आहेत. त्यांना ऐकू आले नाही.

पाकीट मी आज दुपारी टाचणींच्या टेबलावर ठेवून आलो. पूर्ण नव्हते. त्यांनी अर्ज मागितला, मी सोमवारी देतो म्हणालो. कुणाला देतो ते बोललो नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी फाटकापर्यंत चालत गेलो. पळावेसे वाटत होते.

बसमध्ये गाठोडे मांडीवर घेणार आहे. टपावर टाकू देणार नाही. आम्ही येतो आहोत हे तुला माहीत नाही, तू थांब्यावर नसशील ते बरे, कुणी बघेल. असतीस तरी बरे झाले असते.

खाली हिशेब मांडतो, म्हणजे नंतर वाद नको.

खर्च झाले:
टपाल, चार वेळा: ४०
आईच्या चष्म्याची फुटलेली काच, पाकिटातून: ६००
डबा व पाणी, उद्यासाठी: ६०

देणे:
मालकांचे, पाकिटातले न परतलेले: ६००
मावशीचे, टपालासाठी घेतलेले: ४०
बाबांचे, गाडीभाडे, दर तिकिटाला १७० प्रमाणे:
जाताना दोन तिकिटे: ३४०
येताना तीन तिकिटे: ५१०